बेल्जियन धाटणीची पेल एल कशी चाखावी : नवख्यांसाठी मार्गदर्शन

बेल्जियन बिअर म्हटले की बहुतेकांना आठ-नऊ टक्के अल्कोहोलची, लवंग-मिऱ्याच्या वासाची, जड आणि गोडसर बिअर आठवते. ही अपेक्षा मनात ठेवून एखाद्या छोट्या क्राफ्ट ब्रुअरीची बेल्जियन धाटणीची पेल एल उघडली, तर पहिल्या दोन घोटांत निराशाच पदरी पडण्याची शक्यता अधिक. रंग तांबूस, अल्कोहोल पाच टक्क्यांच्या आसपास, कडवटपणा बेताचा, आणि वासातही एकदम अंगावर येणारे काही नाही. मात्र या बिअरचे सारे कसब याच बेतात आहे. माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य), यीस्ट (आंबवणारी बुरशी) आणि हॉप्स (कडवटपणा व वास देणारी वेलीची फुले) यांपैकी कोणीही दुसऱ्यावर कुरघोडी करत नाही, त्यामुळे ती घाईने प्यायली तर साधी वाटते आणि सावकाश, थोड्या पद्धतीने चाखली तर तिच्यात बरेच काही सापडते. ती पद्धत पुढे क्रमाने दिली आहे.

आधी बिअरची ओळख करून घ्यावी

एल म्हणजे तुलनेने उबदार तापमानाला आंबवलेली बिअर, आणि पेल एल म्हणजे तिचा फिकट माल्टचा, मुळात इंग्लंडचा प्रकार. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेल्जियममधील ब्रुअरींना दोन बाजूंनी स्पर्धा सोसावी लागत होती : एकीकडून इंग्लंडहून येणाऱ्या एल आणि दुसरीकडून पिल्सनर ही थंड तापमानाला आंबवलेली स्वच्छ, सोनेरी बिअर. या दोन्हींना तोंड देईल अशी देशी बिअर तयार व्हावी, या हेतूने १९०४ मध्ये तेथील ब्रुअरांच्या संघाने एक स्पर्धा घेतली आणि शार्लरवाजवळच्या शाटलिनो येथील बिनार ब्रुअरीची ‘बेल्ज द्यु फालो’ ही बिअर तिच्यात पहिली आली. ‘स्पेसियाल बेल्ज’ या नावाने ओळखला जाणारा प्रकार येथून रुजला. अँटवर्पची १८३३ मध्ये स्थापन झालेली द कोनिंक आणि स्टेनहुफेलची पाल्म या ब्रुअरींच्या तांबूस बिअर आजही या प्रकाराचा मापदंड मानल्या जातात. अँटवर्पमध्ये द कोनिंकची बिअर ‘बोलेके’ नावाच्या गोलसर, दांडीच्या पेल्यात देतात, आणि तेथे ती उत्सवाची बिअर म्हणून नव्हे, रोजची बिअर म्हणून प्यायली जाते. ही गोष्ट चाखताना लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण रोज प्यायची बिअर पहिल्याच घोटात दिपवून टाकण्यासाठी बनवलेली नसते.

आकड्यांत सांगायचे, तर या प्रकारात अल्कोहोल साधारण ४.८ ते ५.५ टक्के असते. कडवटपणा मोजण्याचे एकक आयबीयू आहे आणि एक आयबीयू म्हणजे ढोबळमानाने लिटरमागे एक मिलिग्रॅम आयसो-अल्फा आम्ल. या मापाने बेल्जियन पेल एल २० ते ३० च्या दरम्यान येते, तर अमेरिकी धाटणीची आयपीए, म्हणजे हॉप्सवर भर देणारी कडवट पेल एल, सहज ४० ते ७० पर्यंत जाते. रंग फिकट अंबरापासून तांब्यापर्यंत असतो. माल्टमध्ये पिल्सनर किंवा पेल माल्टचा पाया आणि त्यावर व्हिएन्ना किंवा म्युनिक माल्टची थोडी भर असते. हॉप्स सहसा साझ, स्टिरियन गोल्डिंग किंवा ईस्ट केंट गोल्डिंग यांसारख्या सौम्य, वनस्पतीचा वास असणाऱ्या जातींचे असतात.

छोट्या ब्रुअरी मात्र ‘बेल्जियन’ हा शब्द लेबलावर फार सैलपणे वापरतात. अशा वेळी अल्कोहोलचा आकडा नावापेक्षा जास्त खरे बोलतो. आकडा साडेपाचच्या आत असेल, तर बहुधा आपण योग्य प्रकारापाशी आहोत. ६ ते ७.५ असेल, तर ती बेल्जियन ब्लाँड या अधिक जोरकस सोनेरी एलच्या घरातली समजावी. आणि ८ च्या पुढे असेल, तर ती दुव्हेल या बेल्जियन बिअरसारख्या फार जोरकस सोनेरी एलच्या वंशातली आहे आणि तिला वेगळे निकष लागतात. बेल्जियममधील ऑर्व्हालच्या मठातली प्रसिद्ध बिअर हा आणखी एक अपवाद. तीही पेल एलच म्हणवते, परंतु तिच्यात ब्रेटानोमायसीस हे रानटी यीस्ट वापरतात आणि किण्वनानंतर (आंबवणे झाल्यावर) कोरडे हॉप्सही घालतात, त्यामुळे तिची चव अगदी निराळी लागते. पहिला नमुना म्हणून ती निवडू नये. सराव झाल्यावर जरूर निवडावी.

बाटली निवडताना

या बिअरला वय मानवत नाही. जोरकस बेल्जियन एल तळघरात वर्षानुवर्षे ठेवल्याच्या कथा ऐकून काही जण पेल एलही साठवून ठेवतात. पाच टक्क्यांच्या बिअरच्या बाबतीत हा प्रयोग क्वचितच फळतो. बाटलीवर भरल्याची तारीख असेल, तर ती तीन-चार महिन्यांच्या आतली असावी. केवळ ‘या तारखेपूर्वी प्यावी’ एवढेच छापलेले असेल, तर ती तारीख जितकी दूर तितके बरे. छोट्या ब्रुअरींची बिअर पुष्कळदा न गाळलेली आणि पाश्चरीकरण न केलेली असते, म्हणून दुकानात ती फ्रिजमध्ये ठेवलेली आहे की उघड्या फळीवर, हेही पाहावे.

प्रकाश हा दुसरा शत्रू. हॉप्समधून येणारी आयसोह्युम्युलोन ही द्रव्ये प्रकाशात, बिअरमधील रायबोफ्लेव्हिनच्या मध्यस्थीने, फुटतात आणि त्यातून गंधकयुक्त असे एक संयुग तयार होते, ज्याचा उग्र, जनावरी वास लिटरमागे काही नॅनोग्रॅम इतक्या अल्प प्रमाणातही नाकाला कळतो. पारदर्शक काचेच्या बाटलीत, थेट उन्हात, हे होण्यास काही मिनिटे पुरतात. हिरवी काच फारसे संरक्षण देत नाही, तपकिरी पुष्कळ देते, आणि कॅनमध्ये तर प्रश्नच उरत नाही. कॅन म्हणजे दुय्यम माल, हा समज सोडून द्यावा.

शक्य असल्यास एकाच खेपेच्या दोन बाटल्या घ्याव्यात. एका बाटलीत काही खोट आढळली, तर ती त्या बाटलीपुरती आहे की साऱ्या खेपेची, हे दुसरीवरून ठरते.

चाखण्याच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी

बेल्जियन धाटणीच्या बऱ्याच बिअरमध्ये दुसरे किण्वन बाटलीतच होते. बाटली भरताना थोडी साखर आणि यीस्ट घालतात, यीस्ट ती साखर खाते, त्यातून कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि काम संपल्यावर यीस्ट तळाशी बसते. अशी बाटली चाखण्यापूर्वी निदान एक दिवस फ्रिजमध्ये उभी ठेवावी, म्हणजे गाळ नीट बसतो. आडवी ठेवलेली बाटली ऐन वेळी उभी केली तर गाळ सगळीकडे पसरतो.

चाखण्याच्या जागी कशाचाही जोरदार वास नसावा. अत्तर, उदबत्ती, तळणाचा धूर, सिगारेट, हातावरचा सुगंधी साबण, यांतले काहीही एवढ्या सौम्य बिअरच्या वासावर सहज मात करते. दात घासल्यावर किंवा कॉफी प्यायल्यावर तासभर थांबावे. शेजारी साधे पाणी, बिनमिठाच्या पावाचे एक-दोन तुकडे, एक पांढरा कागद आणि टिपणासाठी वही असावी. एवढी तयारी पुरते.

पेला आणि तापमान

पेला पोटाशी रुंद आणि तोंडाशी किंचित निमुळता असावा. ट्यूलिपच्या आकाराचा पेला उत्तम. तो नसेल तर वाइनचा साधा ग्लासही छान काम करतो. सरळ, उंच ग्लासात फेस सुरेख दिसतो, पण वास साठून राहत नाही.

आकारापेक्षा स्वच्छता महत्त्वाची. फेस टिकतो तो माल्टमधील प्रथिने आणि हॉप्समधील कडू द्रव्ये यांच्या जाळ्यामुळे, आणि तेलकटपणाचा किंवा साबणाचा पातळसा थरही हे जाळे तोडून टाकतो. ग्लास धुऊन झाल्यावर आतून पाण्याने ओला करून उपडा धरावा. पाणी सलग पडद्यासारखे ओघळले तर ग्लास स्वच्छ आहे. ठिकठिकाणी फाटून थेंब उरले तर परत धुवावा. बिअर ओतल्यावर काचेच्या भिंतीला बुडबुडे चिकटून राहिलेले दिसले, तर तीही अस्वच्छतेचीच खूण समजावी. फडक्याने आतून पुसणे टाळावे. फडक्याचा वास आणि तंतू दोन्ही ग्लासात राहतात.

बर्फात गोठवलेला ग्लास वापरण्याची पद्धत या बिअरच्या बाबतीत मला निव्वळ नासाडी वाटते. थंडीने जीभ बधिर होते, वास देणारी द्रव्ये द्रवातच अडकून राहतात, आणि काचेवर गोठलेले पाणी बिअरमध्ये उतरते ते वेगळेच. फ्रिजचे तापमान ४ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. बाटली बाहेर काढून दहा-पंधरा मिनिटे थांबले की ती ६ ते ८ अंशांवर येते आणि तेथून चाखायला सुरुवात करावी. पुढच्या अर्ध्या तासात ग्लासातली बिअर १० ते १२ अंशांपर्यंत चढू द्यावी. याच चढणीत तिचे एकेक अंग उलगडत जाते, म्हणून तिला पुन्हा थंड करण्याच्या भानगडीत पडू नये.

ओतणे

झाकण सावकाश उघडावे. बाटलीत किण्वन झालेल्या बिअरचा दाब जास्त असतो आणि एखादी बाटली उसळतेही, म्हणून जवळ बेसिन असलेले बरे. ग्लास ४५ अंशांत तिरपा धरून बिअर भिंतीवरून उतरू द्यावी, निम्मा भरल्यावर हळूहळू सरळ करून मधोमध ओतावी, म्हणजे वर दोन-तीन बोटे जाडीचा फेस येतो. फेसाला घाबरून तो टाळण्याचा प्रयत्न करू नये, कारण फेस फुटताना वासाची द्रव्ये वर आणतो आणि जादाचा कार्बन डायऑक्साइडही निघून जातो.

ओतताना मध्ये थांबून बाटली सरळ करू नये. प्रत्येक वेळी सरळ केली की तळाचा गाळ ढवळतो. बाटलीच्या तळाशी एक-दोन सेंटिमीटर बिअर उरली की थांबावे आणि ती बाजूला ठेवावी. तिचा उपयोग नंतर आहे.

पाहणे

यात फार वेळ घालवू नये. ग्लासामागे पांढरा कागद धरून रंग पाहावा, फेसाचा रंग आणि बुडबुड्यांची घडण पाहावी. चांगल्या बेल्जियन पेल एलचा फेस मलईदार, किंचित पिवळसर पांढरा असतो आणि प्रत्येक घोटानंतर ग्लासाच्या भिंतीवर जाळीदार कडे ठेवून जातो. शेवटी ती कडी मोजली तर किती घोटांत ग्लास संपला तेही सांगता येते. मोठ्या ब्रुअरींच्या गाळलेल्या बिअर नितळ असतात. छोट्या ब्रुअरीच्या न गाळलेल्या बिअरमध्ये थोडा धूसरपणा असणे ही खोट नव्हे. मात्र आत कण किंवा चिंधड्या तरंगत असतील, तर सावध व्हावे.

वास घेणे

या बिअरची निम्म्याहून अधिक ओळख नाकातूनच पटते, त्यामुळे येथे घाई करू नये. तरीही पहिला वास ओतल्यावर लगेच घ्यावा लागतो, कारण काही अत्यंत हलकी द्रव्ये, विशेषतः गंधकाची, पहिल्या मिनिटातच उडून जातात. ग्लास नाकाखालून एकदा सहज फिरवावा. मग नाक ग्लासाच्या तोंडाशी नेऊन दोन-तीन आखूड श्वास घ्यावेत, नंतर एक लांब. अखेरीस ग्लासावर तळहात ठेवून बिअर गोल फिरवावी, चार-पाच सेकंद थांबावे आणि हात काढताच वास घ्यावा. दडून बसलेले वास या वेळी हाती लागतात. नाक फार लवकर सरावते आणि मग तोच वास येईनासा होतो. अशा वेळी स्वतःच्या बाहीचा किंवा कोपराच्या वळणाचा वास घ्यावा, नाक ताळ्यावर येते. हे विचित्र दिसते खरे, पण व्यावसायिक चाखणारेही हेच करतात.

आता शोधायचे काय? सर्वांत आधी धान्याची बाजू : भाजलेला पाव, बिस्कीट, कधी हलका मध किंवा सुक्या मेव्याचा भास. त्याच्या पाठोपाठ फळ : संत्र्याची साल किंवा पिकलेले नासपती. मग मसाला, आणि तोही अगदी हलका, मिरी किंवा लवंगेच्या अंगाने जाणारा. हॉप्सचा वास बहुधा शेवटी येतो, गवतासारखा किंवा फुलासारखा, आणि कधी येतही नाही.

यातले फळ आणि मसाला बिअरमध्ये कोणी घातलेले नसतात. ते यीस्टचे काम आहे. किण्वनात अल्कोहोल आणि आम्ले यांच्या संयोगातून एस्टर ही फळांसारखा वास देणारी द्रव्ये तयार होतात. आयसोअमाइल अॅसिटेटला केळ्याचा वास असतो आणि इथाइल हेक्झानोएटला सफरचंदाचा, थोडा बडीशेपेकडे झुकणारा. लवंगेचा वास निराळ्या वाटेने येतो. धान्याच्या टरफलात फेरुलिक आम्ल असते आणि काही यीस्टच्या जाती त्याचे ४-व्हिनाइल ग्वायकोल या फिनॉलमध्ये रूपांतर करतात. बव्हेरियाच्या गव्हाच्या बिअरमध्ये केळे आणि लवंग एकदम समोर येतात ती याच द्रव्यांमुळे. किण्वनाचे तापमान वाढले की एस्टरही सहसा वाढतात. पेल एल बनवणाऱ्याला १८ ते २४ अंशांच्या दरम्यान हा लगाम सांभाळावा लागतो. छोट्या ब्रुअरींकडून येथेच अतिरेक होतो, असे माझे मत आहे. ‘बेल्जियन’पणा ठसवण्याच्या भरात मसालेदार यीस्ट निवडले जाते, ते उबदार तापमानाला आंबवले जाते आणि ग्लासात माल्टचा मागमूस राहत नाही. अशी बिअर पहिल्या घोटाला लक्ष वेधते आणि अर्ध्या ग्लासानंतर नकोशी होते.

नवख्याची खरी अडचण वास न येण्याची नसते. वास येतो, पण नाव सुचत नाही. त्यावर उपाय म्हणजे आधी घराणे ठरवावे आणि मग व्यक्ती. हा वास धान्याचा, फळाचा, मसाल्याचा की वनस्पतीचा? फळाचा असेल तर ताज्या फळाचा की सुकवलेल्या, आंबट फळाचा की गोड? १९७०च्या दशकात चवींचे अभ्यासक मॉर्टेन मेलगार्ड यांनी बिअरच्या चवींचे जे चक्र मांडले, त्याची रचनाही अशीच मोठ्या गटांकडून बारीक नावांकडे जाणारी आहे. याच्या जोडीला एक सोपा अभ्यास करता येतो. दोन लवंगा ठेचून एका वाटीत, संत्र्याची ताजी साल दुसरीत, भाजलेल्या पावाचा तुकडा तिसरीत आणि चमचाभर मध चौथीत ठेवावा. एक वाटी हुंगावी, मग अर्धा मिनिट थांबून बिअर हुंगावी. लवंगेच्या वाटीनंतर बिअरमधली लवंग इतकी पुसट जाणवते की आपण तिला आधी उगाच मोठे नाव दिले होते की काय, असे वाटू लागते. हे पुसट प्रमाण नीट ओळखता आले की वास घेण्याचा निम्मा धडा झाला.

चाखणे

पहिला घोट मतासाठी धरू नये. तो तोंडाला तयार करतो. दुसरा घोट मध्यम घ्यावा, तोंडभर फिरवावा, तीन-चार सेकंद ठेवून गिळावा आणि ओठ मिटून नाकाने श्वास सोडावा. गिळल्यावर घशामागून नाकात चढणारा वास हाच चवीचा मोठा भाग असतो. वाइन चाखणारे पुष्कळदा घोट थुंकतात. बिअरचा मात्र घोट गिळण्याची रीत आहे, कारण कडवटपणा आणि मागे रेंगाळणारी चव गिळल्यावरच पुरती कळते. जिभेच्या टोकाला गोड आणि मागे कडू असा जो नकाशा शाळेत शिकवला जातो, तो चुकीचा आहे. सर्व चवी जिभेवर सगळीकडे कळतात, म्हणून घोट सगळीकडे पोहोचू द्यावा.

चवीचा क्रम ध्यानात घ्यावा. या बिअरमध्ये साधारणपणे आधी माल्टची भाजकी, सौम्य गोडी येते, मग फळ आणि मसाला, आणि शेवटी मोजका कडवटपणा जो गोडी पुसून तोंड कोरडे करतो. पुढचा घोट घ्यावासा वाटणे हे या शेवटावर अवलंबून असते. गोडी मागे चिकटून राहिली, तर बिअर जड वाटते. कडवटपणा खरखरीत राहिला, तर हॉप्स किंवा पाणी यांचा हिशेब कुठेतरी बिघडला आहे.

नवख्यांचा सर्वांत जास्त गोंधळ गोड आणि फळासारखे यांत होतो. तो सोडवण्यासाठी नाक चिमटीत धरून एक घोट घ्यावा. नाक बंद असताना जिभेला फक्त गोड, कडू, आंबट आणि बुडबुड्यांची चुणचुण एवढेच कळते, आणि बहुतेकांना ही बिअर तेव्हा आश्चर्य वाटावे इतकी कोरडी लागते. घोट गिळून चिमूट सोडली की क्षणार्धात संत्रे आणि नासपती आत शिरतात आणि त्यांच्याबरोबर तो ‘गोडपणा’ही. म्हणजे तो गोडपणा साखरेचा नव्हता. ज्यांना ही बिअर गोड लागते त्यांनी एवढा एक प्रयोग तरी जरूर करावा.

तोंडातला स्पर्शही टिपावा. अंग (म्हणजे तोंडाला जाणवणारा दाटपणा) हलके ते मध्यम, बुडबुडे बारीक आणि भरपूर, आणि अल्कोहोलची ऊब जवळजवळ नाहीच, असे असायला हवे. घसा गरम झाल्यासारखे वाटले, तर लेबलावरचा आकडा पुन्हा पाहावा. चहा फार उकळल्यावर येतो तसा तुरटपणा जाणवला, तर बनवताना माल्ट गरम पाण्याने गरजेपेक्षा जास्त धुतल्याने टरफलांतील टॅनिन उतरले असण्याची शक्यता असते.

दहा मिनिटांनी तोच ग्लास पुन्हा चाखावा, आणि आणखी दहा मिनिटांनी तिसऱ्यांदा. थंड असताना कडवटपणा आणि बुडबुडे पुढे असतात, ऊब चढते तसे माल्ट आणि एस्टर पुढे येतात. खोटीही याच वेळी उघड्या पडतात. अखेरीस बाजूला ठेवलेली तळाची बिअर हलकेच घुसळून उरलेल्या ग्लासात घालावी आणि फरक पाहावा. पावाच्या आंबवलेल्या पिठासारखा वास, भरलेला पोत आणि किंचित बोथटलेला कडवटपणा, असा तो फरक बहुधा असतो. काहींना बिअर अशीच आवडते. माझा कल नितळ बिअरकडे आहे. यीस्टने पोट फुगणाऱ्यांनी हा भाग सोडून दिला तरी चालेल.

खोट आणि शैली यांतला फरक

छोट्या ब्रुअरीत प्रत्येक खेप सारखी उतरत नाही, म्हणून काही ठळक खोटी ओळखता आल्या पाहिजेत. लोण्याचा किंवा लोणी लावलेल्या पॉपकॉर्नचा वास डायअॅसिटिलचा असतो. यीस्ट ते स्वतःच तयार करते आणि वेळ मिळाला तर स्वतःच परत शोषते, त्यामुळे तो वास सहसा घाईची साक्ष देतो. हिरव्या, कच्च्या सफरचंदाचा वास अॅसिटाल्डिहाइडचा, आणि तोही बिअर अपुरी पिकल्याचे सांगतो. उकडलेल्या मक्याचा वास डायमिथाइल सल्फाइडचा; पिल्सनर माल्टमध्ये त्याचा पूर्वगामी घटक जास्त असतो आणि माल्टचा गोड रस आंबवण्यापूर्वी खळखळून उकळला नाही तर तो वास मागे राहतो. ओल्या पुठ्ठ्याचा वास प्राणवायूमुळे, म्हणजे बिअर जुनी किंवा उबेत ठेवलेली. नळावरच्या बिअरला व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर पुष्कळदा दोष बिअरचा नसून न धुतलेल्या नळीचा असतो.

सर्वांत अवघड फरक लवंग आणि औषध यांतला. दोन्ही फिनॉलच, पण लवंग या शैलीत थोड्या प्रमाणात चालते, तर चिकटपट्टीसारखा किंवा दवाखान्यासारखा वास कधीच चालत नाही. तो पाण्यातल्या क्लोरीनमुळे किंवा घुसखोर रानटी यीस्टमुळे येतो. नेलपॉलिशसारखा झोंबरा वास आला, तर तेथे एस्टर मर्यादेबाहेर गेले आहेत.

खोट आढळली तर दुसरी बाटली उघडून खात्री करावी आणि खेपेचा क्रमांक, विकत घेतल्याची तारीख आणि नेमके काय जाणवले ते ब्रुअरीला शांतपणे कळवावे. ‘बिअर वाईट होती’ या वाक्याचा बनवणाऱ्याला काही उपयोग नसतो. ‘लोण्याचा वास होता आणि ऊब चढल्यावर तो वाढला’ याचा असतो.

टिपण

आधी जाणवले ते लिहावे, आवडले की नाही ते नंतर. मत आधी लिहिले की पुढचे सारे वर्णन त्या मताची वकिली करू लागते. टिपण मोठे असण्याची गरज नाही. एक नमुना असा : ‘गडद अंबर रंग, किंचित धूसर, फेस दाट आणि टिकाऊ. वासात आधी बिस्कीट, मग संत्र्याची साल, मागे पुसट मिरी. चव कोरडी, कडवटपणा मध्यम आणि स्वच्छ, फार लांबत नाही. ऊब चढल्यावर मध. दोष : ताजेपणा थोडा कमी, पुठ्ठ्याची चाहूल. मत : ताजी मिळाल्यास पुन्हा घेईन.’ यात अलंकार नाहीत, पण सहा महिन्यांनी वाचले तरी ती बिअर डोळ्यांपुढे उभी राहते.

तुलना करून पाहणे

एकट्या बिअरपेक्षा शेजारी दुसरी असली की जीभ लवकर शिकते. बेल्जियन पेल एलच्या एका बाजूला इंग्लिश पेल एल आणि दुसऱ्या बाजूला बेल्जियन ब्लाँड ठेवावी. पहिल्या जोडीत यीस्टचा फरक कळतो, दुसऱ्या जोडीत अल्कोहोलचा आणि अंगाचा. क्रम नेहमी हलक्याकडून जोरकसाकडे ठेवावा. अमेरिकी हॉप्सनी भरलेली आणि बेल्जियन यीस्टने आंबवलेली बिअर या ओळीत आणूच नये, असे मी सुचवेन. लवंगेचे फिनॉल आणि चकोत्र्याचा कडवटपणा एकमेकांशी फार क्वचित जुळतात, आणि नंतरच्या बिअरवर अन्याय होतो तो वेगळाच.

प्रत्येकीचे १०० मिलिलिटर पुरे. ५.२ टक्क्यांच्या ३३० मिलिलिटर बाटलीत सुमारे साडेतेरा ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते, तेव्हा तीन पूर्ण बाटल्या एका बैठकीत चाखणे म्हणजे चाखणे राहतच नाही. तिसऱ्या बाटलीपर्यंत नाक आणि निर्णय दोन्ही सैल झालेले असतात. बाटल्या दोघा-तिघांत वाटून घ्याव्यात, मध्ये पाणी प्यावे आणि त्यानंतर गाडी चालवू नये. आपापल्या ठिकाणच्या कायद्याने ठरवलेल्या वयाखालील व्यक्तींसाठी, गरोदरपणात आणि अल्कोहोलशी न जुळणारी औषधे चालू असताना हा उद्योग नाही.

थोडा सराव झाला की त्रिकोणी चाचणी करून पाहावी. सोबत्याने आपल्या नजरेआड तीन सारखे ग्लास भरायचे, दोनांत एक बिअर आणि तिसऱ्यात दुसरी, आणि आपण वेगळा ग्लास ओळखायचा. ब्रुअरींच्या प्रयोगशाळांतही याच रीतीने चाचणी घेतात. नुसत्या अंदाजानेही तिनांत एकदा उत्तर बरोबर येतेच, म्हणून एका यशावर विसंबू नये. ग्लासांची जागा बदलून चाचणी चार-पाच वेळा, प्रत्येक वेळी दोन-दोन लहान घोटांची, घ्यावी. रंगात फरक असेल तर डोळ्यांवर पट्टी बांधावी किंवा दिवा मंद करावा, नाहीतर उत्तर जिभेऐवजी डोळेच देऊन टाकतात. आरंभी दोन ब्रुअरींच्या पेल एल घ्याव्यात, आणि त्या ओळखता येऊ लागल्या की एकाच ब्रुअरीच्या दोन खेपा, एक ताजी आणि एक चार महिने जुनी, समोर ठेवाव्यात.